अण्णांचा दयाळ

६ फेब्रुवारी

आज दुकानात एका गिऱ्हाइकाने माझ्या काउंटरवर जिवंत अळ्यांचा डबा उघडला आणि मी किंचाळले. सतरा वर्षं चष्म्याच्या काचा घासतेय. जवळचा नंबर तपासायला कुणी पोथी आणतं, कुणी सुईदोरा आणतं. हा माणूस म्हणाला, "घाबरू नका ताई. ह्यांचे पाय मोजता आले म्हणजे चष्मा बरोबर." मग एक अळी बोटावर घेऊन नाकाशी धरली. "सहा. सगळे आहेत. छान झालाय चष्मा."

चार गल्ल्या पलीकडे त्याचं पिंजऱ्यांचं आणि पाखरांच्या खाद्याचं दुकान आहे. ह्या अळ्यांना म्हणे मीलवर्म म्हणतात, गव्हाच्या कोंड्यात वाढतात. मी सहज म्हटलं, आमच्या मागच्या बागेत एक काळापांढरा पक्षी शेपटी ताठ वर करून भिंतीवर बसतो. "अहो, दयाळ तो! दाण्याला तोंड लावत नाही, पण अळी टाकून बघा." आणि चिमूटचिमूट करत मूठभर अळ्या कोंड्यासकट डबीत घालून दिल्या.

आणल्या खऱ्या, पण दयाळासाठी नाहीत. अण्णांसाठी आणल्या. ऑपरेशनला सात आठवडे झाले. घशात कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी माझ्या वडिलांचं स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला पुढून एक भोक आहे, श्वास तिथून. आवाज गेला तो गेलाच. चाळीस वर्षं फळबाजारात लिलाव पुकारलेला माणूस. पहाटे त्यांनी पहिली हाक दिली की बाहेर रस्त्यावरचे गाडीवाले म्हणायचे, सुरू झालं. आता दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या भिंतीकडे बघतात.

घरात बोलणारी मी एकटीच उरले. म्हणून ही वही.

७ फेब्रुवारी

डबी दिली. अण्णांनी उघडली, वास घेतला (म्हणजे घ्यायला गेले. श्वास नाकातून जात नाही हे अजून विसरतात), आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच ती अळी.

११ फेब्रुवारी

संध्याकाळी आले तर खिडकीशी कुणी नाही. पर्स न ठेवताच घरभर शोधलं. अण्णा मागच्या बागेत, लिंबाच्या झाडाखाली स्टुलावर. दहा पावलांवर कठड्यावर काचेची उभ्या काठाची ताटली, अळ्या चढून पळू नयेत म्हणून. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी घरातली सगळी भांडी पालथी घालून शोधून काढलं होतं. हातात लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण. नखाने त्यावर टिक टिक टिक. थांबायचं. पुन्हा टिक टिक.

मला हाताने थांबवलं, तिथेच. पाव तास मी खांद्याला पर्स अडकवून उभी. मग तो आला. काळाभोर, पंखांवर पांढरा पट्टा, शेपटी अशी वर की एखादा फौजदार गस्तीवर निघालाय. मान तिरकी करून ताटलीत बघितलं, एक अळी उचलली, कठड्यावर दोनदा आपटली आणि गिळली.

अण्णांनी माझ्याकडे वळून बघितलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा भुवया वर गेल्या त्यांच्या.

१९ फेब्रुवारी

बोलणं शिकवणाऱ्या बाईंचा हॉस्पिटलमधून फोन. "तुमचे वडील दोनच दिवस वर्गाला आले, मग आलेच नाहीत." स्वरयंत्र नसतानाही बोलता येतं, जिद्द लागते, म्हणाल्या. मी अण्णांना विचारलं, का सोडलंत? त्यांनी हात झटकला. पुन्हा विचारलं तर उठून बागेत गेले.

दादाने, माझ्या मोठ्या भावाने, त्याच्या शहरातून एक लिहायची पाटी पाठवली आहे, काचेची, बटण दाबलं की पुसली जाते. महागाची असणार. अण्णांनी ती अळ्यांच्या ट्रेवर झाकण म्हणून ठेवली आहे. मापात बसते अगदी.

२ मार्च

आता आमच्याकडे तीन ट्रे आहेत. एकात अळ्या. दुसऱ्यात कोष, पांढरे, मेणाचे केल्यासारखे, हात लावला की कंबर हलवतात. तिसऱ्यात त्यातून निघालेले काळे किडे, ते अंडी घालणार, म्हणजे पुन्हा अळ्या. खाली दोन बोटं कोंडा, वर गाजराची चकती. पाणी द्यायचं नाही, ओल चकतीतूनच. पिंजरेवाला दर आठवड्याला येऊन बघून जातो आणि म्हणतो, "काका, माझं दुकान बंद करणार तुम्ही." स्वयंपाकघरातली अर्धी फळी गेली माझी. मला अजूनही शिसारी येते, पण अण्णा रोज सकाळी कोंडा चाळतात, कात वेगळी करतात, कोष एकेक करून चमच्याने उचलतात. एवढं जपून त्यांनी कधी मला तरी उचललं असेल का, कोण जाणे. आमच्या लहानपणी ते पहाटे तीनला बाजारात आणि दुपारी झोपलेले.

एक काळजी. अण्णांना ढेकरा फार येताहेत. बागेत बसले की एकामागून एक, घरात बसून ऐकू येतात. कधी लांब, कधी नुसत्या तुटक, क्क, प्प, ट्ट, अशा. कोबी बंद केला. औषधवाल्याकडून पोटाचं गुलाबी औषध आणलं, जेवणानंतर दोन चमचे. अण्णा तोंड वाकडं करून घेतात.

१० मार्च

आज हातावर बसला!

महिनाभर रोज ताटली एक वीत पुढे. दहा पावलांची पाच झाली, पाचाची दोन, मग ताटली मांडीवर, मग ताटली नाहीच, उघडा तळहात. दयाळ लिंबाच्या फांदीवरून खाली बघत होता. अण्णांचा हात हवेत, कोपर गुडघ्यावर टेकलेलं, इतका स्थिर की मला वाटलं रक्त थांबेल. घड्याळ बघितलं मी, बावीस मिनिटं. बाजारात ज्या माणसाला दोन मिनिटं दम निघत नसे, "बोला, बोला, आंबा नासतोय!" म्हणून ओरडायचा, तो हा. मग फर्र झालं आणि बोटांवर तो. एक अळी चोचीत, दुसरी चोचीत, तिसरी घेताना दुसरी पडली, तर ती उचलून पुन्हा तिसरी. अण्णा पापणीसुद्धा हलवत नव्हते. डोळे मात्र पाणावले होते.

मी दारातून बघत होते. मी हलले तेव्हा तो उडाला. अण्णा रागावतील वाटलं. रागावले नाहीत, पण मी जवळ जाताच मान फिरवून बसले. हे हल्ली नेहमीचंच. मी नसताना बागेत त्यांची काहीतरी खुडबुड चालू असते, मी गेले की एकदम गप्प. गप्प कसले म्हणा, आधीच गप्प. पण कळतं ना माणसाला, आपण नको आहोत ते.

१७ मार्च

अण्णांनी चिठ्ठी लिहिली. चक्क. "सोडा आण. चार बाटल्या." एवढ्या ढेकरा येतात आणि वर सोडा! मी नाही म्हटलं. त्यांनी चिठ्ठीखाली दोन रेघा ओढल्या. आणला. पाजायला गेले तर हातातून घेऊन बागेत गेले. चोरून पिणाऱ्यासारखे. गुलाबी औषध आता तीन चमचे करणार आहे.

२४ मार्च

मागच्या भिंतीत जुना नळ काढलेलं एक भोक आहे. त्यात दयाळाच्या मादीने काड्या नेऊन घरटं केलंय. ती राखाडी, त्याच्याइतकी झोकदार नाही, पण काम सगळं तीच करते. तो खांबावर बसून गातो. पहाटे सुरू होतो तो उन्हं येईपर्यंत. एक ओळ दुसरीसारखी नाही, मध्येच शिट्टी, मध्येच लकेर, मध्येच शेजारच्या स्कूटरचा हॉर्न. अण्णा खुर्ची ओढून त्याच्या समोर बसतात. चाळीस वर्षं आवाजावर जगलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल? मला विचारायचं धाडस होत नाही.

दादाचा फोन. म्हणाला, तू दिवसभर दुकानात, अण्णा एकटे, गळ्यात काही अडकलं तर? माझ्याकडे येऊ देत. मी म्हटलं, बघू.

६ एप्रिल

पिल्लं निघाली! तीन असावीत, आवाजावरून. नर-मादी दोघं नुसती धावतायत. अण्णांनी सकाळपासून अठ्ठावन्न अळ्या दिल्या. मी मोजल्या कारण आज सुट्टी आहे आणि मला दुसरं काय काम. मोठी अळी पिल्लाच्या घशात जाणार नाही म्हणून ते बारीक अळ्याच निवडतात, नुकतीच कात टाकलेल्या, पांढऱ्या, मऊ. मी मदत म्हणून पिंजरेवाल्याकडच्या वाळवलेल्या अळ्या ओतायला गेले तर माझं मनगट धरलं. वाटीत पाणी घेऊन त्यात त्या भिजत घातल्या, अर्धा तास. मग वाटी माझ्या हातात दिली. पिंजरेवाल्याने नंतर सांगितलं, पिल्लांना पाणी मिळतं ते फक्त खाण्यातून, कोरडं घातलं तर आतून सुकतात. त्याने अण्णांना हे सांगितलं नव्हतं. त्यांना कसं कळलं? गेले तीन महिने त्यांचाच घसा सारखा सुकतोय, म्हणून कळलं असेल.

१२ एप्रिल, रविवार

माझ्या हातून फार वाईट झालं.

गेले दोन दिवस अण्णांना ताप होता, म्हणून ट्रे मी बघत होते. ऊन फार, अळ्या तहानल्या असतील म्हणून गाजराच्या चकतीऐवजी बटाट्याच्या आठ-दहा ओल्या फोडी टाकल्या आणि वरून पाटी घट्ट लावली. आज उघडलं तर वासाने मागे सरले. सगळा कोंडा ओला, हिरवट बुरशी, अळ्या काळ्या पडलेल्या. पिंजरेवाल्याचं दुकान रविवारी बंद. आणि बाहेर तीन पिल्लं चोची वासून बसलेली.

अण्णा आले. मी रडायलाच लागले. म्हटलं, चुकलं माझं, तुम्ही मला मारा हवं तर. ते माझ्यासमोर उभे राहिले, ओठ घट्ट मिटले, मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा फुगल्या आणि तोंडातून नुसतं "क्का" असा आवाज आला. मग पुन्हा "क्का". मग पाठ फिरवून निघून गेले. इतका राग मी त्यांचा कधी पाहिला नाही. आवाज असता तर शिवीच आली असती.

पण पुढे त्यांनी जे केलं ते लिहून ठेवायलाच हवं. जुनी पांढरी चादर आणली. अंगणात अर्धी उन्हात, अर्धी सावलीत पसरली. सगळा ट्रे उन्हाच्या बाजूला उपडा केला. आणि बसून राहिले. मला कळेना. पाच मिनिटांनी त्या काळ्या चिखलातून एक अळी बाहेर आली, सावलीकडे निघाली. मग दुसरी. मग वीस. अळीला ऊन सोसत नाही! जी जिवंत, ती आपल्या पायांनी सावलीत गेली. मेलेली जागीच राहिली. तासाभरात शंभरावर अळ्या सावलीच्या कडेला गोळा झाल्या. अण्णांनी त्या चाळणीत घेतल्या, कोरड्या कोंड्यात घोळवल्या, आणि उठून झाकण वाजवलं. टिक टिक.

तापातून उठलेला माणूस. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. नुसतं बघून बघून कळलेलं. मला सतरा वर्षांत काचेबद्दल एवढं कळलेलं नाही.

१४ एप्रिल

दादाला फोन केला. म्हटलं, ये आणि घेऊन जा अण्णांना. मी त्यांना नकोशी झालेय. शिवाय खरं सांगायचं तर, मी दमलेय. सकाळी अण्णांच्या गळ्याच्या भोकाची सफाई, मग दुकान, मग औषधं, मग बाजार. दर खोकल्याला दचकून उठते. हे लिहिताना लाज वाटते, पण वहीत खोटं कशाला लिहू.

१९ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दादा सकाळी आला. चहा झाल्यावर आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो, अण्णा मध्ये. दादा म्हणाला, "माझ्याकडे वेगळी खोली आहे. दिवसभर माणूस ठेवू." मी म्हटलं, "त्या माणसाला सफाई मी शिकवीन. त्यांना उशी उंच लागते." दादा म्हणाला, "ते जेवतात काय?" मी म्हटलं, "मऊच द्यायचं. आणि त्यांना ढेकरांचा फार त्रास आहे, पोटाच्या डॉक्टरला दाखव." असं बराच वेळ. मध्ये बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून.

अण्णांनी टेबलावर थाप मारली. दादा म्हणाला, "काय हवंय अण्णा? पाणी?" आणि खिशातलं पेन काढून पुढे केलं. अण्णांनी ते परत सरकवलं. ओठ मिटले. काहीतरी गिळावं तशी हनुवटी आत घेतली.

"बला... विचार."

दादा ताडकन उठला. त्याला वाटलं घशात काही अडकलं, पाठीत थापट्या मारायला धावला. अण्णांनी त्याचा हात बाजूला केला.

"ब... ला. विचार."

जाडाभरडा, खोल, रिकाम्या पिंपातून यावा तसा. ढेकरच. पण ढेकरेवर शब्द बसलेला. मी म्हटलं, "दादा, ते म्हणतायत, मला विचार."

दादा खुर्चीत बसला. एवढा मोठा माणूस, शाळेतल्या पोरासारखा सरळ बसला आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही माझ्याकडे याल का?"

अण्णांनी हवा घेतली. "येतो. दोन... दिवस." पुन्हा हवा घेतली. "पाहुणा."

मग माझ्याकडे वळले. "तू... दबलीस."

"दबले नाही हो," मी म्हटलं, आणि मग कळलं. म होत नाही त्यांना, ब होतो. दमलीस.

"तू पण... जा. कुठेतरी. दोन दिवस." एवढं बोलून त्यांना घाम आला. दादा रडत होता आणि हसतही होता. "अण्णा, परत बोला. काहीही बोला."

दुपारभर तुकड्यातुकड्याने कळलं. बाईंच्या वर्गात दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिला आवाज काढला तेव्हा बाहेर बाकावर बसलेली दोन माणसं हसली. अण्णा उठून आले ते परत गेले नाहीत. पण शिकवलेलं डोक्यात होतं: हवा तोंडातून घशात घ्यायची, पोटात जाऊ द्यायची नाही, तिथूनच परत वर सोडायची. सोड्याने ते सोपं जातं. आधी क, प, ट. मग दोन अक्षरं. मग शब्द. सव्वादोन महिने, रोज, लिंबाखाली.

"दयाळ," अण्णा म्हणाले, "हसत नाही. अळी खातो... ऐकतो."

आणि मी त्या माणसाला तीन बाटल्या गुलाबी औषध पाजलं.

संध्याकाळी चिखलातल्या अळ्यांची आठवण निघाली. मी विचारलं, "त्या दिवशी मला शिवी देत होतात ना? खरं सांगा." अण्णा म्हणाले, "काही नाही." मी म्हटलं, "सांगा ना, मी रागावणार नाही." त्यांनी माझ्याकडे बघत सावकाश पुन्हा तेच म्हटलं, "क्का... ही... नाही." सांगायचं नसेल तर राहू दे.

२१ एप्रिल

पिल्लं उडाली. दोन लिंबावर, एक कुंडीत. कुंडीतल्याला अण्णांनी हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. मादी अळी घेऊन वरच्या फांदीवर बसली आणि देईना. ते फडफडलं, पडलं, पुन्हा फडफडलं, शेवटी फांदीला लटकत का होईना पोचलं. मग दिली तिने.

दादाचा मुक्काम दोन दिवसांनी वाढला आहे. त्याला अळ्या चाळायला बसवलंय.

१६ मे

बाईंनी बोलावलं होतं, म्हणून अण्णांबरोबर वर्गाला गेले. आता ते आठवड्यातून दोनदा जातात. आज एक नवा माणूस होता, टेम्पो चालवणारा, चाळिशीचा, ऑपरेशनला महिना झालेला. शेजारी बायको, तिच्या हातात वही, त्याचं म्हणणं तीच वाचून दाखवायची. बाई म्हणाल्या, "काका, ह्यांना ऐकवा."

अण्णा म्हणाले, "नबस्कार. बी... पण... तुझ्यासारखाच."

तो माणूस हसला. आवाज नाही, नुसते खांदे गदागदा, गळ्याच्या भोकातून फुसफुस हवा. बायकोने त्याच्या दंडाला चिमटा काढला. मी खुर्चीची कड घट्ट धरली. आता अण्णा उठणार, आणि पुन्हा कधी येणार नाहीत.

अण्णा बसून राहिले. त्याचं हसू संपेपर्यंत, बागेत दयाळासाठी हात पसरून बसावं तसे, अजिबात न हलता. हसू संपलं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही पुसून झालं. मग अण्णांनी आपली खुर्ची त्याच्या गुडघ्यांना गुडघे लागतील इतकी पुढे ओढली.

"झालं? आता... तू."

त्याने मान हलवली. नाही. अण्णांनी ओठ मिटून दाखवले, हनुवटी आत घेऊन दाखवली. बायको वहीवर पेन टेकवून तयार. माणसाने तिच्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, डोळे मिटले, गाल आत ओढले आणि अशी मोठी ढेकर दिली की बाहेरच्या बाकावरचे चारही लोक दारात डोकावले.

तो लाजेने लाल झाला. बायकोने वही मिटली.

"वा," अण्णा म्हणाले. "पुन्हा."